इंग्रजी व्याकरणाविषयीची आपली धारणा कशी तपासावी आणि तासात कशी बदलावी

आठवीच्या वर्गात एक मुलगा फळ्यावरच्या गाळलेल्या जागांत ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ अचूक भरतो, दहापैकी दहा गुण मिळवतो आणि मधल्या सुट्टीत मोठ्या धाडसाने इंग्रजीत सांगतो, “सर, आय ॲम लिव्हिंग इन सोलापूर सिन्स फाइव्ह इयर्स.” या एका चुकलेल्या वाक्यावर (हवे होते ‘फॉर फाइव्ह इयर्स’) शिक्षकखोलीत तीन मते पडतात. एक शिक्षक म्हणतात की नियम नीट पाठ झालेला नाही, तो पुन्हा घ्यायला हवा. दुसरे म्हणतात की व्याकरण शिकवून काही हाती लागत नाही, हेच यातून दिसते. तिसरे म्हणतात की घरात इंग्रजीचा गंध नाही, तिथे मूल तरी काय करणार. वाक्य तेच आणि मूलही तेच आहे. निराळी आहे ती प्रत्येकाची धारणा, आणि पुढच्या आठवड्यात वर्गात काय होणार हे त्या धारणेवरच ठरते.

सोलापुरात मराठी माध्यमाच्या माध्यमिक वर्गांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि या तिन्ही मतांवर मी स्वतः कधी ना कधी ठाम होतो. प्रशिक्षणातून नवी पद्धत घेऊन आलेले शिक्षक दोन-तीन आठवड्यांत जुन्या वाटेला लागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि त्याचे कारण आळस नसते. पद्धत बदललेली असते, पण ‘मुलाला व्याकरण येते म्हणजे नेमके काय येते’ याविषयीचा मनातला विश्वास जागचा हललेला नसतो. म्हणून या मार्गदर्शनाची सुरुवात शिकवण्याच्या युक्त्यांपासून न करता शिक्षकापासून केली आहे. पुढे सांगितलेली कामे करायला साधारण एक सत्र लागते. ती एकट्याने करता येतात, मात्र एखादा सहकारी सोबत असेल तर अधिक चांगली होतात.

आपण स्वतः कसे शिकलो ते लिहून काढावे

सुरुवातीला एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या दोन पानांवर, मराठीतच, आपले स्वतःचे इंग्रजी शिक्षण लिहावे. हे कोणाला दाखवायचे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहावे. मला व्याकरण कोणत्या पद्धतीने शिकवले गेले, त्यातले काय आवडले आणि कशाची धास्ती वाटायची? केवळ गरजेपोटी मी पहिल्यांदा इंग्रजीत केव्हा बोललो आणि त्या क्षणी कोणता नियम आठवला, की एकही आठवला नाही? आज वर्गात एखाद्या मुलाने कोणता प्रश्न विचारला तर मी गडबडून जाईन? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळू नये.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. शिक्षक होण्यापूर्वी प्रत्येकाने विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहिलेले असते आणि ही न कळत झालेली उमेदवारी नंतरच्या औपचारिक प्रशिक्षणाला पुरून उरते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे तर याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. त्यापूर्वी ते पाचवीपासून शिकवले जाई. आज वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी पाचवीत बाराखडीसारखी इंग्रजी अक्षरे गिरवली, मग काळांचे तक्ते पाठ केले आणि मराठी वाक्यांचे भाषांतर करत करत भाषा मिळवली. त्यांच्या समोर बसलेले मूल मात्र सहा वर्षांचे असल्यापासून इंग्रजी ऐकत, गाणी म्हणत आलेले आहे आणि तक्त्यांशी त्याची गाठ नंतर पडली आहे. दोघांचा रस्ताच उलट्या दिशेचा आहे.

“मला असेच आले, मग मुलांनाही असेच येईल,” हे वाक्य वहीत उतरले असेल, तर तिथे थांबून एक गोष्ट आठवावी. आपण त्या वर्गातून पार पडलेलो आहोत. आपल्या बाकावर शेजारी बसून तेच तक्ते पाठ करणारे आणि तरीही इंग्रजीत नापास होऊन शाळा सोडणारे सोबती इंग्रजीचे शिक्षक झाले नाहीत, त्यामुळे त्या पद्धतीविषयीची त्यांची साक्ष आपल्या कानावर कधी येतच नाही. मला हे उमगायला बराच काळ लागला, आणि उमगल्यावर माझ्या वर्गातील मागच्या दोन रांगा मला निराळ्या दिसू लागल्या.

भीतीबद्दलही स्पष्ट लिहावे. नियम सांगणे, गाळलेल्या जागा भरून घेणे, ‘डू ॲज डायरेक्टेड’ (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) सोडवून घेणे यात उत्तर आधीच शिक्षकाच्या हातात असते. मुलांना मोकळेपणी बोलू दिले की कोणता शब्द, कोणती रचना समोर येईल याचा भरवसा नसतो. व्याकरणाचा तास अनेकांना आवडतो त्यामागे व्याकरणाच्या प्रेमाइतकाच हा निवाराही असतो. त्यात कमीपणा काही नाही. परंतु आपण एखादी पद्धत मुलांसाठी निवडली की स्वतःच्या सुरक्षिततेसाठी, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

एक तास ऐकावा

धारणा वहीत उतरल्यावर ती वर्गातल्या वागण्याशी ताडून पाहावी. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मोबाइल टेबलावर ठेवून व्याकरणाचा एक पूर्ण तास ध्वनिमुद्रित करावा आणि घरी शांतपणे ऐकावा. हे मुद्रण केवळ स्वतःसाठी असावे आणि काम झाल्यावर पुसून टाकावे, कारण त्यात मुलांचे आवाज असतात. ऐकताना मुलांनी स्वतः जुळवलेली, म्हणजे पुस्तकातून किंवा फळ्यावरून न वाचलेली, इंग्रजी वाक्ये मोजावीत. मूल चुकले तेव्हा आपण पहिल्या दोन सेकंदांत काय केले ते टिपावे. आणि आपण नियम सांगत असताना वर्ग काय करत होता ते आठवून लिहावे.

शिक्षकांच्या धारणांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे सायमन बोर्ग यांच्या कामातून असे दिसते की शिक्षक जे मानतात आणि वर्गात जे करतात त्यांत अनेकदा अंतर पडते, आणि त्या अंतरामागे मोठा वर्ग, परीक्षा, अभ्यासक्रम संपवण्याची घाई अशी खरी कारणे असतात. माझा पहिला तास मी ऐकला तेव्हा ‘मी मुलांना बोलायला लावतो’ अशी माझी पक्की समजूत होती आणि मुलांची स्वतःची वाक्ये बोटांवर मोजण्याइतकी निघाली. त्या संध्याकाळी मला वाईट वाटले, पण वही खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

चुकांची वही

या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे मांडले की विद्यार्थ्याची चूक म्हणजे नियमाचा अभाव नसून, त्याच्या डोक्यात या घडीला कोणता नियम चालू आहे याचा तो पुरावा असतो. चार-पाच आठवडे मुलांच्या तोंडची आणि वहीतली चुकलेली वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि प्रत्येक वाक्याशेजारी मूल ते आपल्या घरच्या भाषेत कसे म्हणाले असते ते लिहावे.

सोलापुरात हे काम विशेष फळते. साखर पेठ, अशोक चौक या भागांतून येणारी कित्येक मुले घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतून येणाऱ्यांच्या घरी कन्नड असते. कोणाच्या घरी उर्दू, कोणाच्या घरी मराठी. “इतक्या भाषांची मुले एका वर्गात, मग मातृभाषेचा आधार कोणाकोणाला द्यायचा?” असा हताश प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. पण वहीत वाक्ये शेजारी शेजारी मांडली की वेगळेच दिसते. या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, विभक्तीदर्शक शब्द वा प्रत्यय नामाच्या मागून लागतात आणि इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नसतात. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे असे मांडले ते अशाच साम्यांच्या आधारावर. भूक लागल्यावर मराठी मूल ‘मला भूक लागली आहे’ म्हणते, कन्नड मूल ‘ननगे हसिवागिदे’ म्हणते, तेलुगू मूल ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ म्हणते आणि उर्दू बोलणारे ‘मुझे भूक लगी है’. चारही वाक्यांत भूक माणसा‘ला’ लागते. इंग्रजीत मात्र माणूसच भुकेला ‘असतो’, म्हणून ‘आय ॲम हंग्री’. फळ्यावर ही चार वाक्ये मुलांकडूनच लिहून घेतली की वर्ग एकदम जागा होतो. ज्या मुलाची घरची भाषा शाळेत कधीच कोणी विचारलेली नसते, ते मूल त्या दिवशी सर्वांत आधी हात वर करते.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. मराठीत ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ चालते. कन्नडमध्ये ‘सोमवारदिंद’ आणि ‘ऐदु वर्षदिंद’. तेलुगूत दोन्हीकडे ‘नुंचि’. उर्दूत दोन्हीकडे ‘से’. कालाचा आरंभबिंदू आणि कालाची लांबी यांत इंग्रजी जो भेद करते तो यांपैकी एकाही भाषेत त्या जागी करावा लागत नाही. शिवाय मराठीत आपण ‘राहतोय’ असे चालू वर्तमानकाळातच म्हणतो, म्हणून ‘ॲम लिव्हिंग’. गाळलेली जागा भरताना मूल पुढचा शब्द पाहून निवड करते, त्यामुळे दहापैकी दहा गुण मिळतात. बोलताना विचार ‘पासून’पासून सुरू होतो आणि तोंडात ‘सिन्स’ येते. नियम पाठ नव्हता असे नाही आणि शिकवणे वाया गेले असेही नाही. नियम एका कामासाठी शिकवला गेला आणि मुलाला तो दुसऱ्याच कामासाठी हवा होता. यावरचा माझा उपाय साधा आहे. फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, उजवीकडे ‘आज’ लिहावे आणि दोन मराठी प्रश्न वेगळे करावेत: ‘केव्हापासून?’ विचारले तर उत्तर रेघेवरचा एक ठिपका असतो आणि तिथे ‘सिन्स’ येते, ‘किती काळ?’ विचारले तर उत्तर रेघेचा तुकडा असतो आणि तिथे ‘फॉर’ येते. मग प्रत्येकाने स्वतःबद्दल, आजीबद्दल, गल्लीतल्या दुकानाबद्दल खरे वाक्य सांगावे. ‘हॅव लिव्ह्ड’ ही रचना त्यानंतर, त्या खऱ्या वाक्यांच्या आत येऊ द्यावी.

प्रत्येक चुकीचे मूळ घरच्या भाषेत असते असे मात्र मानू नये, कारण तीही एक धारणाच आहे आणि ती आपल्याला चकवू शकते. ‘शी गो टू स्कूल’ हे वाक्य घ्या. मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही म्हणून असे होते, असे कोणी म्हणणार नाही. जातो, जाते, जातोस, जातात अशी आपली क्रियापदे इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक बदलतात. फरक असा की मराठीत नुसते ‘जातोस’ म्हटले तरी कर्ता कळतो, म्हणजे त्या प्रत्ययाला काम असते. इंग्रजीत कर्ता उच्चारलेलाच असतो, त्यामुळे ‘गोज’मधला शेवटचा ध्वनी नवीन काहीच सांगत नाही आणि कान त्याला सोडून देतो. त्यातून नामाला लागलेला ‘एस’ अनेकवचनाचा आणि क्रियापदाला लागलेला ‘एस’ एकवचनाचा, हा गोंधळ वेगळाच. हेडी डुले आणि मरिना बर्ट यांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीची तुलना केली तेव्हाही हा प्रत्यय दोन्ही गटांत उशिराच पक्का होताना दिसला. म्हणून या चुकीवर पाचवी-सहावीत रागावणे मी सोडून दिले आहे. ती दाखवावी, ऐकवत राहावी, पण तिच्यावरून मुलाची पारख करू नये.

काही ठिकाणी मराठी आडवी येते त्याहून अधिक मदत करते, आणि तीही वहीत नोंदवावी. ‘हुतात्मा एक्सप्रेस उद्या सकाळी सुटते’ असे आपण भविष्यातल्या गोष्टीबद्दल वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीही वेळापत्रकाबाबत नेमके तसेच करते. हे मुलांना दाखवले की ‘साधा वर्तमानकाळ भविष्यासाठीही येतो’ हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. उलट ‘मी भुईकोट किल्ला गेल्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत चालते, पण इंग्रजीत ‘लास्ट इयर’ आले की ‘हॅव सीन’ चालत नाही. एकच काळ म्हणून शिकवलेल्या गोष्टीत सोय आणि खोच दोन्ही असू शकतात.

नियम आधी की भाषा आधी

या वादात शिक्षकांनी एका बाजूला नाव नोंदवण्याची गरज नाही. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत व्याकरणाचा पाठ न देता नकाशे, रेल्वेची वेळापत्रके अशा कामांतून इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. अर्थावर लक्ष असताना व्याकरण आपोआप घडते, हा त्यामागचा विचार होता. दुसरीकडे जॉन नॉरिस आणि लुर्देस ओर्तेगा यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून स्पष्टपणे नियम शिकवल्याचा फायदा अधिक असल्याचे दाखवले. मात्र त्यांतील बहुतेक चाचण्या नियमांचे ज्ञान मोजणाऱ्याच होत्या, हेही त्यांनी नोंदवले. यातून मी स्वतःसाठी एवढेच ठरवले आहे की मुलाला एखादी गोष्ट सांगायची निकड आधी निर्माण करावी, ती सांगताना तो अडखळला की त्या जागी नियम दोन मिनिटांत, मराठीत, स्पष्ट सांगावा आणि लगेच पुन्हा सांगण्याकडे वळावे. नियम मराठीत समजावण्याची लाज मुळीच बाळगू नये. समजावणे मराठीत आणि वापर इंग्रजीत, ही वाटणी साठ मुलांच्या वर्गात टिकते.

एका प्रयोगाचा सविस्तर नमुना

‘पॅसिव्ह व्हॉइस’ शिकवताना आपली धारणा सर्वांत उघडी पडते, म्हणून नमुन्यासाठी तेच घेतो. बहुतेक वर्गांत हा घटक वाक्य उलटवण्याचा खेळ म्हणून येतो: कर्ता मागे, कर्म पुढे, मध्ये ‘बाय’. त्याला मराठीत ‘कर्मणी प्रयोग’ म्हटल्याने गोंधळ वाढतो. मराठीच्या तासाला मूल ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकते, पण हे इंग्रजीत ‘राम एट द मँगो’ असे साधे कर्तरी वाक्य होते. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ला मराठीत जवळचे रूप ‘आंबा खाल्ला गेला’ हे आहे, आणि रोजच्या बोलण्यात तर आपण कर्ता गाळून ‘इथे चादरी विणतात’ असे सरळ म्हणतो. ज्या ठिकाणी मराठी ‘विणतात’, ‘रंगवतात’, ‘विकतात’ म्हणते आणि कोण विणते हे सांगायची गरज नसते, तिथे इंग्रजी ‘आर वूव्हन’, ‘इज डाइड’, ‘आर सोल्ड’ म्हणते. तासाची सुरुवात या ‘-तात’पासून करावी.

वर्गात यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातील मुले असतातच. त्यांच्यापैकी दोघांना पुढे बोलावून सुतापासून टॉवेल कसा तयार होतो ते मराठीत किंवा तेलुगूत सांगायला लावावे आणि बाकीच्यांनी पायऱ्या लिहून घ्याव्यात: सूत रंगवतात, बीम (ताण्याचा रूळ) भरतात, मागावर टॉवेल विणतात, कापतात, कडा शिवतात, गठ्ठे बांधतात. मग शिक्षकाने फळ्यावर इंग्रजी उभे करावे: “द यार्न इज डाइड. द टॉवेल्स आर वूव्हन. दे आर कट, स्टिच्ड अँड पॅक्ड.” इथे प्रत्येक वाक्यात ‘बाय द वर्कर’ जोडून पाहायला सांगावे. मुलेच म्हणतात की ते नको आहे, ते कळलेलेच आहे. ‘पॅसिव्ह’ कशासाठी असतो याचे उत्तर त्यांना स्वतःहून मिळालेले असते, आणि ज्याचे वडील मागावर उभे असतात तो मुलगा त्या तासाला वर्गाचा जाणकार ठरतो.

दुसऱ्या दिवशी याच रचनेची दुसरी बाजू दाखवावी. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: “फोर मेन वेअर हँग्ड” आणि “द ब्रिटिश गव्हर्नमेंट हँग्ड फोर मेन.” दोन्ही व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहेत. मग विचारावे की सरकारच्या बाजूच्या वर्तमानपत्राने कोणते वाक्य छापले असते, आणि तुम्ही आपल्या शहराचा इतिहास लिहिताना कोणते लिहाल. मुले वाद घालतात, कारण रचना बदलल्यावर दोषी वाक्यातून नाहीसा होतो हे त्यांच्या ध्यानात आलेले असते. (माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’ आणि भिंतीवर चित्र टांगले तर ‘हंग’, हा भेदही इथे सहज सांगून होतो.) भाषाशिक्षणाच्या अभ्यासक डायान लार्सन-फ्रीमन व्याकरणाकडे रूप, अर्थ आणि उपयोग अशा तीन बाजूंनी पाहतात; आपल्या तासांत मात्र रूपाला सगळा वेळ जातो, अर्थाला थोडा आणि उपयोगाला जवळजवळ काहीच नाही. वाक्य उलटवण्याच्या वीस प्रश्नांतून जे कळत नाही ते या दोन वाक्यांतून कळते, असे मी खात्रीने सांगतो.

चूक दुरुस्त करताना

बोलण्यातली चूक शिक्षक बहुधा स्वतः योग्य वाक्य उच्चारून दुरुस्त करतात. रॉय लिस्टर आणि लेला रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातील वर्गांचा अभ्यास केला तेव्हा हीच पद्धत सर्वाधिक वापरली जात होती आणि त्यानंतर मुलांकडून दुरुस्ती होण्याचे प्रमाण तिच्यातच सर्वांत कमी होते. मुलाला वाटते की शिक्षकांनी फक्त ‘हो’ म्हटले. त्याऐवजी वाक्य चुकीच्या जागेपर्यंत म्हणून थांबावे: “यस्टरडे आय…” आणि वाट पाहावी. तीन-चार सेकंद गप्प राहणे शिक्षकाला जड जाते, पण तेवढ्यात बहुतेक मुले ‘वेंट’ आणतात. मूल काही मनापासून सांगत असेल, विशेषतः घरातली आनंदाची किंवा दुःखाची गोष्ट, तर तेव्हा मात्र एकही चूक काढू नये.

वह्यांच्या बाबतीत मत बदलायला मला सर्वांत जड गेले. लाल शाईने भरलेली वही म्हणजे मेहनती शिक्षक, असे पालकही मानतात आणि तपासणीला येणारेही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये लेखनातील व्याकरणाच्या दुरुस्त्या निरुपयोगी आणि अपायकारक असल्याचे ठामपणे मांडले, त्यावर मोठा वाद झाला, आणि नंतरच्या काही अभ्यासांत एकाच प्रकारच्या चुकीवर लक्ष ठेवून केलेली तपासणी उपयोगी ठरलेली दिसली. साठ वह्यांच्या ढिगासमोर बसलेल्या शिक्षकाला ही दिलासा देणारी गोष्ट आहे. या आठवड्यात फक्त भूतकाळाची क्रियापदे तपासणार, असे वर्गाला आधी सांगावे, चुकीखाली रेघ ओढावी, दुरुस्ती मुलाने करावी. पालकसभेत याचे कारण एकदा समजावून सांगितले की तक्रार येत नाही.

परीक्षेचा प्रश्न

‘हे सगळे ठीक आहे, पण दहावीचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांच्या दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत ८० पैकी भाषाभ्यासाचे (म्हणजे व्याकरण-शब्दसंग्रहाच्या प्रश्नांचे) गुण १० होते आणि लेखनकौशल्याचे २०. उताऱ्यांखालची उत्तरेही मुलाला स्वतःच्या वाक्यांत लिहावी लागतात. केवळ त्या दहा गुणांचा सराव जानेवारीनंतरच्या काही आठवड्यांत होतो. वर्षभराचा वेळ त्यालाच दिला, तर उरलेल्या गुणांसाठी लागणारे व्याकरण मुलाकडे राहत नाही.

सत्राच्या शेवटी

सहा-सात आठवडे झाले की पुन्हा एक तास ध्वनिमुद्रित करावा आणि पहिल्या वेळी मोजलेल्या त्याच गोष्टी मोजाव्यात. मग वहीची पहिली दोन पाने वाचावीत आणि ज्या वाक्यांशी आता आपण सहमत नाही त्यांच्यापुढे तारीख घालून, ती खोडून न टाकता, नवे मत लिहावे; ज्यांच्याशी अजून सहमत आहोत त्यांच्यापुढे मुलांच्या चुकांमधला एखादा पुरावा लिहावा. पुरावा सापडला नाही तर जागा कोरी ठेवावी. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जाताना सोबत ही वही न्यावी आणि व्याकरण शिकवावे की नाही या चर्चेत न पडता, आपल्या वर्गातील एक चुकलेले वाक्य, ते बोलणाऱ्या मुलाचे नाव न घेता, मोठ्याने वाचून सहकाऱ्यांना विचारावे की हे मूल असे का म्हणाले असेल.